गुडघा बदलून घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं?

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आता गुडघा बदललेली माणसं सहज भेटतात. भोकरदनच्या बाजारात, मोसंबीच्या बागेत बांधावर खुर्ची टाकून बसलेल्यांत, अंबडला मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या पुन्हा चढता आल्या म्हणून हरखलेल्या आजीबाईंत. बहुतेकांचं चांगलं चाललेलं असतं. वर्षानुवर्षं रात्रीची झोप मोडणारी वेदना गेलेली असते आणि स्वतःच्या पायांनी शेतापर्यंत जाता येतं.

ऑपरेशन कोणी जालन्यातच करून घेतं, बरेचजण छत्रपती संभाजीनगरला जातात, काही पुण्या-मुंबईला लेकाकडे राहून करून येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुट्टी होते आणि पेशंट मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या एखाद्या गावात आपल्या घरी येतो. ज्यांनी गुडघा उघडला ते सर्जन आता शंभरेक किलोमीटरवर असतात. जखमेवर लक्ष ठेवणं, गोळ्या देणं, पाय वाकवून घेणं हे सगळं सुनेकडे, लेकीकडे, नवऱ्याकडे येतं. त्यांच्यासाठीच हा लेख आहे. क्वचित होणाऱ्या गुंतागुंतीत पाय वाचणार की नाही, बसवलेला सांधा टिकणार की काढावा लागणार, हे पुष्कळदा एकाच गोष्टीवर ठरतं. घरच्यांनी कोणत्या वेळी फोन केला, आणि कोणाला केला. संमतीपत्रावर या गुंतागुंतींची यादी छापलेली असते, पण ते पत्र घाईघाईत, आदल्या रात्री सही करून दिलेलं असतं. ती यादी कोणी उलगडून सांगत नाही.

आधी न घाबरण्याच्या गोष्टी सांगून टाकतो. गुडघा गरम लागणं, संध्याकाळी सूज चढणं, चालताना आतून टकटक आवाज येणं, हे काही महिने चालू शकतं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर राहते. तिथली बारीक नस चिरेत येतेच, आणि थोडा बधिरपणा कायमचाही राहू शकतो. पोटरीवर, मांडीवर निळे-काळे डाग उतरतात, ते मुरलेलं रक्त असतं. दिवसागणिक हे सगळं हळूहळू कमी होत असेल तर सर्व ठीक आहे. कमी होत आलेलं पुन्हा वाढायला लागलं, तर मात्र कान टवकारायचे.

पहिले दोन-तीन दिवस

गुडघ्याच्या मागच्या लवणीतून, हाडाला अगदी लागून, पायाची मुख्य रक्तवाहिनी खाली जाते. ऑपरेशनमध्ये तिला इजा होणं फार दुर्मीळ, हजारात एखाद-दुसऱ्याला. पण झालीच तर पायाच्या स्नायूंना साधारण सहा तासांची मुदत असते. आणि त्याच वेळी कमरेतून दिलेल्या भुलीमुळे पाय बधिर असतो, त्यामुळे पेशंटला दुखत नाही आणि तो तक्रारही करत नाही. म्हणून पलंगाजवळ बसणाऱ्याने डॉक्टरांच्या राउंडची वाट न पाहता अधूनमधून स्वतः हात लावून बघावं. दोन्ही पावलं सारखीच गरम लागतात का? रंग सारखा आहे का? अंगठ्याचं नख दाबून सोडलं की पांढरं होतं आणि दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं, तसं होतंय का? ऑपरेशन झालेलं पाऊल गार आणि फिकट लागलं तर लगेच सिस्टरला बोलवा, डॉक्टरांना बोलवायला लावा, आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन कुठे उपलब्ध आहेत हे त्याच क्षणी विचारा. कधी कधी ही इजा उशिरा कळते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लवणीत ठोके पडणारी गाठ लागते. अशी गाठ चोळायची नाही, शेकायची नाही, त्याच दिवशी दाखवायची.

भूल उतरल्यावर पाऊल वर, स्वतःकडे ओढता येतंय का, हे बघायचं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस ताणली गेली तर पाऊल लुळं पडतं. पाय वर्षानुवर्षं बाहेरच्या बाजूला फाकलेला किंवा वाकडाच राहिलेला असेल, आणि ऑपरेशनमध्ये तो एकदम सरळ केला असेल, तर हा धोका जास्त. आपल्याकडे माणसं ऑपरेशनला फार उशिरा तयार होतात, म्हणून असे वाकडे गुडघे बरेच असतात. पाऊल उचलत नसेल तर डॉक्टर आधी घट्ट बँडेज सैल करतात आणि गुडघा थोडा वाकवून ठेवतात. पुष्कळांच्या पावलात काही महिन्यांत जोर परततो. तोवर पाऊल घसटू नये म्हणून पट्टा वापरायचा. इथे धीर धरावा लागतो, पण ते पहिल्या दिवशी कळवणं आवश्यक आहे.

दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्याचा आग्रह घरचे धरतात. दोनदा खर्च नको, दोनदा अंथरूण नको. हिशेब समजण्यासारखा आहे. पण हाडाच्या पोकळीतली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसाला आणि मेंदूला त्रास होणं ही दुर्मीळ गोष्ट दोन्ही गुडघ्यांच्या एकत्र ऑपरेशनात जास्त संभवते. पहिल्या तीन दिवसांत धाप लागणं, अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं ही तिची खूण. वयामुळे असेल म्हणून ते सोडून देऊ नका. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे गुडघे बदलले, तेही एकदम नाही. एक ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसरा जून २००१ मध्ये. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. दोनदा अंथरूण परवडतं.

रक्ताच्या गुठळीबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ती टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शनं देतात, आणि नेमकी हीच औषधं घरी आल्यावर बंद पडतात, कारण दुखायचं थांबलेलं असतं. डॉक्टरांनी लिहिलेले दिवस पूर्ण करायचे. घरी येताना गाडी तासाभराने थांबवा, प्रवासात पावलं वर-खाली हलवत राहा. एकाच पायाची पोटरी टणक होऊन दुखायला लागली तर त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यायची. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर फोनाफोनीत वेळ न घालवता १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

जखमेतून येणारं पाणी

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवव्या-दहाव्या दिवशी पट्टी बदलताना गॉजवर रुपयाएवढा पिवळसर डाग दिसतो. ताप नाही, पू नाही, पेशंट जेवतोय, चालतोय. घरचे गावातल्या डॉक्टरांना दाखवतात. ते जखम पुसतात, पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या देतात. डाग सुकतो. सगळे निश्चिंत होतात. महिना-दीड महिन्याने गुडघा पुन्हा सुजतो, रात्री ठणकायला लागतो, टाक्याच्या टोकाशी बारीक तोंड पडतं आणि त्यातून पाणी झिरपायला लागतं.

मधल्या काळात काय झालं? बदललेल्या गुडघ्यात जंतुसंसर्ग शंभरात एखाद-दोघांना होतो. जंतू धातूवर आणि प्लास्टिकवर बसले की, हौदाच्या भिंतीला शेवाळ धरावं तसा त्यांचा चिकट थर तयार होतो. त्या थराच्या आत गोळ्यांचा असर पोचत नाही. गोळ्यांनी वरवरचे जंतू मरतात, पाणी थांबतं, खालचा थर जाड होत राहतो. दुसरं नुकसान असं, की नंतर सांध्यातलं पाणी काढून कल्चरला पाठवलं तर त्यात जंतू उगवतच नाही, कारण तो गोळ्यांनी अर्धमेला झालेला असतो. कोणता जंतू आहे हेच कळलं नाही, तर औषध कोणतं द्यायचं?

वेळेत गेलं तर चित्र वेगळं असतं. सुरुवातीच्या साधारण तीन-चार आठवड्यांत सर्जन गुडघा पुन्हा उघडून आतून स्वच्छ धुतात, मधली प्लास्टिकची गादी बदलतात आणि धातूचा सांधा तसाच ठेवू शकतात. ती मुदत टळली की बहुधा सगळा सांधा काढावा लागतो. त्याच्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, अनेक आठवडे शिरेतून किंवा तोंडाने अँटिबायोटिक चालतं, आणि जंतू गेल्याची खात्री झाल्यावर दुसरं ऑपरेशन होतं. खर्चही वाढतो. केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि दुसऱ्यांदा बसवायच्या गुडघ्याला १,१३,९५० रुपये अशी मर्यादा होती. ही किंमत फक्त इम्प्लांटची, तीही करांशिवाय.

म्हणून सांगतो, ऑपरेशननंतर पाच-सात दिवसांनीही जखमेतून पाणी येत असेल तर ते साधं नाही असंच धरून चला. गॉजवरच्या डागाच्या कडेने पेनाने रेघ मारा, तारीख-वेळ लिहा. दिवसाउजेडी जखमेचा फोटो काढून सर्जनना पाठवा, आणि नुसता पाठवून थांबू नका, फोन करा. त्यांनी बोलावलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. सोयाबीनची काढणी संपू द्या, पोळा होऊ द्या, असं म्हणू नका. सर्जनशी बोलल्याशिवाय अँटिबायोटिकची एकही गोळी घ्यायची नाही, हा नियम घरात सगळ्यांना माहीत असू द्या. याला अपवाद एकच. हुडहुडी भरून ताप, ग्लानी, रक्तदाब उतरणं असं असेल तर वाट पाहायची नाही. जवळच्या मोठ्या रुग्णालयात दाखल करा. तिथे रक्ताचं कल्चर घेऊन लगेच औषध सुरू करतात, ते करू द्या.

यात गावातल्या डॉक्टरांना दूर ठेवण्याचा हेतू नाही. उलट तेच सगळ्यात जवळचे असतात. त्यांच्याच दवाखान्यातून सर्जनना फोन लावून द्या, दोघांना बोलू द्या. आपल्या भाषेत पेशंटचं वर्णन करण्यात जे सुटतं, ते त्या दोन मिनिटांच्या बोलण्यात सुटत नाही.

रक्ताच्या तपासणीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. अंगातला दाह दाखवणारा सीआरपी ऑपरेशननंतर वाढतोच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत जास्त असतो आणि काही आठवड्यांत उतरतो. तशाच दुसऱ्या तपासणीचा, ईएसआरचा, आकडा उतरायला महिने लागतात. त्यामुळे एकच आकडा बघून घाबरायचं नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही. उतरलेला सीआरपी पुन्हा चढला, तर तो बोलतो. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाइलीत लावा.

जंतुसंसर्ग वर्षांनीही होऊ शकतो. किडलेली दाढ, लघवीतला संसर्ग, मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाला बाभळीचा काटा लागून चिघळलेली जखम, टाचेची खोल भेग, यांतून जंतू रक्तावाटे गुडघ्यापर्यंत पोचतात. चांगला चालणारा गुडघा एका रात्रीत सुजला, लाल झाला, पाऊल टेकवेना, तर ती तातडीची गोष्ट आहे. चिकुनगुनियाच्या साथीत हमखास गफलत होते. चिकुनगुनियात बहुधा मनगटं, घोटे, बोटं असे बरेच सांधे धरतात. फक्त बदललेलाच गुडघा धरला असेल, तर ‘साथ आहे, होईल बरं’ असं म्हणू नका.

आणखी एक, फार क्वचित घडणारं, पण आपल्या गावांना लागू पडणारं. कधी कधी गुडघा सुजलेला असतो, पाणी काढून तपासलं जातं, आणि नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच येत नाही. अशा वेळी क्षयरोगाचा जंतू असू शकतो. त्याची तपासणी वेगळी मागवावी लागते, आणि कल्चरला सहा-आठ आठवडे लागतात. दुसरा ब्रुसेला, जनावरांचा जंतू. गाभण गाई-म्हशी, शेळ्या गाभ टाकत असतील, त्यांची वार हाताने काढली असेल, कच्चं दूध प्यायलं असेल, तर तो माणसाला होतो. बदललेल्या सांध्यात तो सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शहरातले डॉक्टर हे विचारतीलच असं नाही. आपणच सांगा, घरी गोठा आहे, अमुक महिन्यात शेळीने गाभ टाकला होता. घरात कोणाला टीबी झाला होता का, तेही सांगा. प्रयोगशाळेलाही हे आधी कळवावं लागतं, कारण ब्रुसेला तिथल्या माणसांना लागू शकतो.

मालीश, पडणं आणि न वाकणारा गुडघा

गुडघा वाकत नाही म्हणून मालीशवाल्याला किंवा हाडवैद्याला बोलावण्याची पद्धत अजून आहे. बदललेल्या गुडघ्याला हे चालत नाही. वाटीखालचा जो जाड पट्टा पाय सरळ उचलतो, तो जोर लावून वाकवल्याने किंवा पडल्याने तुटू शकतो. आधी सरळ पाय उचलता येत होता आणि आता एकाएकी टाच अंथरुणावरून उठतच नाही, ही त्याची खूण. हे दुर्मीळ आहे, पण दुरुस्त करायला फार अवघड. उशीर झाला की आणखी अवघड.

पडल्यावर इम्प्लांटच्या लगत, मांडीच्या खालच्या टोकाला हाड मोडू शकतं. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर बायकांत हे जास्त. अंगणातला ओला दगड, न्हाणीघरातला साबण, रात्री मध्येच बसलेलं कुत्रं, एवढं पुरतं. पडल्यावर पाय टेकवत नसेल तर ओढून सरळ करायचा नाही. दोन्ही बाजूंना उशा लावून, गोधडीने बांधून, आहे तसा न्यायचा. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल ऑपरेशनच्या आधीच विचारून घेतलेलं बरं. न्हाणीघरात भिंतीला कठडा आणि जमिनीला खरखरीत फरशी हे दोन खर्च मी सर्वांत आधी करायला सांगेन.

गुडघा आखडणं हे इतर गोष्टींइतकं दुर्मीळ नाही. आतमध्ये चिकटून घट्ट पडदे तयार होतात. त्याची दोन कारणं घरातच असतात. एक, दुखतं म्हणून व्यायाम टाळणं. दुसरं, गुडघ्याखाली दिवसरात्र उशी ठेवणं. उशीने बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो. उशी टाचेखाली घ्या, म्हणजे गुडघा सरळ होतो. सहाव्या आठवड्यापर्यंत गुडघा काटकोनात वाकत नसेल तर सर्जनना दाखवा. भूल देऊन गुडघा सोडवून देण्याची पद्धत आहे, पण ती साधारण पहिल्या तीन महिन्यांत चांगली लागू पडते. वर्षभराने गेलात तर तो मार्ग बहुधा बंद झालेला असतो.

जंतू नाही, इम्प्लांट ढिला नाही, एक्स-रे चांगला, तरी दुखतं, असेही लोक असतात. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक पूर्ण समाधानी नसतो, हे जगभरच्या अनुभवातून दिसलेलं आहे. काहींना कातडीची आग होते, नुसतं धोतर किंवा लुगडं लागलं तरी सहन होत नाही, पायाचा रंग आणि घाम बदलतो. हा नसांच्या वेदनेचा वेगळा आजार असतो आणि त्यावर लवकर उपचार सुरू झाले तर फायदा होतो. कधी दुखणं कमरेतल्या मणक्यातून किंवा खुब्यातून उतरत असतं. धातूच्या ॲलर्जीची चर्चा अलीकडे फार ऐकू येते. खोट्या दागिन्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने कातडीला खाज सुटत असेल तर ते ऑपरेशनच्या आधी सांगा, दुसऱ्या धातूचा पर्याय असतो. पण ऑपरेशननंतर ॲलर्जीचं निदान सगळी कारणं तपासून झाल्यावरच करायचं असतं. जंतुसंसर्ग नाही हे सिद्ध होण्याआधी ‘ॲलर्जी आहे’ असं ऐकलं, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. गुडघा दुखतो म्हणून सांध्यात सहज एखादं इंजेक्शन घेणं तर पूर्ण टाळा. प्रत्येक सुई जंतूला आत जायची वाट करून देते.

या सगळ्यातला बराच धोका ऑपरेशनच्या आधीच कमी करता येतो. तीन महिन्यांची सरासरी साखर आठाच्या खाली आणल्याशिवाय पुष्कळ सर्जन हात लावत नाहीत, आणि ते योग्यच करतात. दाढ आधी काढून घ्या, पावलाची जखम आधी भरू द्या. तंबाखू किमान महिनाभर आधी सुटली पाहिजे. इथे बायकांबद्दल मुद्दाम लिहितो. ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की मावशी नाही म्हणतात, कारण मिशरीला त्या तंबाखू धरत नाहीत. मिशरीतही तंबाखूच असते, आणि तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते. चालताना पोटऱ्या भरून येत असतील आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी आधी मागून घ्या.

सुट्टी होताना तीन गोष्टी हातात असल्याशिवाय रुग्णालय सोडू नका. डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. स्टिकरवर कंपनी, माप, बॅच असते. दहा वर्षांनी फक्त मधली प्लास्टिकची गादी बदलायची वेळ आली तर हे स्टिकर नसल्याने नवा सांधाच बसवावा लागू शकतो. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवलेली आहे का, तेही बघा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा, जखम चिघळली आणि पुन्हा दाखल व्हावं लागलं तर योजनेत काय बसतं. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, संभाजीनगरला घाटी रुग्णालय आहे. आपल्या गावाहून रात्री कुठे जायचं, गाडी कोणाची, हे आधीच ठरवून ठेवा.

बसवलेले बहुतेक गुडघे दीर्घकाळ टिकतात. मोठ्या पाहणीत पंचवीस वर्षांनंतरही शंभरातले ऐंशीच्या वर गुडघे टिकलेले दिसले आहेत. तरी एक-दोन वर्षांनी एकदा उभं राहून काढलेला एक्स-रे सर्जनना दाखवत जा. इम्प्लांट ढिला होऊ लागला की सुरुवातीला फक्त बसून उठताना पहिली दोन-चार पावलं दुखतात, मग थांबतं. चार पावलांनी थांबतंय म्हणून लोक वर्ष-दोन वर्षं जात नाहीत, आणि तेवढ्या काळात इम्प्लांटखालचं हाड झिजत जातं. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला पायी जाणाऱ्यांनी तर निघण्याआधी हे तपासून घ्यावंच. आणि एक्स-रेला जाताना जुना एक्स-रे सोबत न्या, कारण दोन्ही शेजारी धरल्याशिवाय बदल कळत नाही.